आग्र्यातली सुटका : यमुनेपलीकडच्या बागांविषयी

१/
मंडळी, ‘आग्र्याहून सुटका’ हे शब्द आपल्याला इयत्ता चौथीपासून पाठ आहेत. आजचा धागा आग्र्यातल्याच एका वेगळ्या सुटकेविषयी आहे : गर्दीपासूनच्या. मात्र ही सहलीच्या ठिकाणांची यादी नव्हे. आग्र्याच्या नदीकाठच्या बागा हा त्या शहराच्या इतिहासाचा मूळ दस्तऐवज आहे आणि आपण तो न उघडताच परततो, असे माझे मत आहे. ते पुराव्यांसह मांडते. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
गेल्या जानेवारीत आम्ही पदव्युत्तर वर्गातले चौघे आग्र्याला गेलो होतो. सकाळी ताज, दुपारी किल्ला आणि रात्रीची परतीची गाडी, असा सर्वांचा असतो तोच बेत होता. ताजमध्ये तिकिटावर तीन तास मिळतात. त्यातला बराच वेळ रांगेत आणि लोकांच्या छायाचित्रांतून बाजूला सरकण्यात गेला. किल्ल्यात दिवाण-ए-खाससमोर मराठी बोलणारे तीन गट भेटले. ‘महाराज इथेच उभे होते’ असे सांगून तिन्ही गटांना तीन निरनिराळ्या जागा दाखवल्या जात होत्या.

३/
संध्याकाळी निरोप आला की धुक्यामुळे गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी सुटेल. अर्धा दिवस हाती उरला. कंटाळून आम्ही यमुनेचा पूल ओलांडला आणि त्या चार-पाच तासांत जे पाहिले त्याने माझ्या डोक्यातला आग्रा उलटापालटा झाला. अभ्यासक्रमात मुघल स्थापत्याचा एक पेपर मी आधीच दिला होता. त्यात इमारतींवर प्रकरणे होती; बागांच्या वाट्याला दोन परिच्छेद आले होते. परतल्यावर वाचत गेले तसे कळले की क्रम नेमका उलट असायला हवा होता.

४/
प्रारंभ बाबरापासून करू. एप्रिल १५२६ मध्ये पानिपतची लढाई जिंकून तो आग्र्यात आला, तो ऐन उन्हाळ्यात. आत्मचरित्रात त्याने तक्रारींचा पाढा वाचला आहे : उकाडा, धूळ आणि मुख्य म्हणजे खळाळत वाहणारे पाणी नाही. बागेसाठी जागा शोधायला तो यमुनेपार गेला. जमीन पाहून त्याला वीटच आला. तरीही दुसरी चांगली जागा मिळेना, म्हणून त्याने तिथेच काम सुरू केले. पहिल्यांदा मोठी विहीर, मग हमाम, अष्टकोनी हौद आणि नंतर सरळ रेषांत आखलेले वाफे.

५/
बाबराने एक मौजेची नोंद करून ठेवली आहे. असली आखीवरेखीव बाग इथल्या लोकांनी कधी पाहिली नव्हती. म्हणून यमुनेच्या त्या काठाला ते ‘काबूल’ म्हणू लागले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मुघल आग्र्याची पहिली ओळख किल्ल्याची नव्हती आणि थडग्याची तर नव्हतीच. परमुलखातल्या एका मनुष्याने घरच्या आठवणीने बाग लावली आणि स्थानिकांनी त्या काठाला त्याच्याच गावाचे नाव दिले.

६/
बागेला पाणी कसे मिळे? लाहोर-दिपालपूरकडे रहाट चालतो आणि आग्रा-बयाना भागात बैल जुंपून दोराने चामड्याची मोठी बादली ओढतात, असे बाबर लिहितो. ही आपली मोटच. बैल परत फिरताना दोर शेणा-मुतातून घासत जातो आणि पुन्हा विहिरीत उतरतो, याची त्याला किळस वाटली, तेही त्याने लिहून ठेवले आहे. स्वर्गाची प्रतिकृती म्हणून ज्या चारबागा आपण पाहतो, त्यांच्यामागे बैल, मोटकरी आणि पाटकरी यांची रोजची मेहनत होती.

७/
पुढील सव्वाशे वर्षांत यमुनेचे दोन्ही काठ बागांनी भरले. शाहजादे, बेगमा, वजीर आणि सरदार यांनी एकाला लागून एक अशा बागा लावल्या. नदी हा या शहराचा राजमार्ग होता. बागेतून बागेत नावेने जाता येई. आग्र्याच्या बागेचा एक खास आराखडा यातूनच घडला : नदीला लागून उंच चौथरा, त्यावर मुख्य इमारत आणि तिच्या पाठीशी चार भागांत आखलेली बाग.

८/
आता ताजमहाल आठवा. हुमायूनची किंवा अकबराची कबर बागेच्या मध्यभागी आहे. ताजची कबर मात्र बागेच्या टोकाला, नदीकाठच्या चौथऱ्यावर आहे. ही आग्र्याच्या नदीकाठच्या बागांची रीत होती आणि ताजने तिचे पालन केले. बाग ही ताजची सजावट आहे असे आपण समजतो. वस्तुतः ताज हा बागांच्या एका लांबलचक माळेतला एक मणी आहे. माळ तुटली, मणी विखुरले, एक तेवढा आपण काचेच्या पेटीत ठेवला.

९/
याला पुरावा काय? जयपूरच्या महाराजा सवाई मानसिंह द्वितीय संग्रहालयात कापडावर काढलेला आग्र्याचा एक नकाशा आहे. अभ्यासक तो १७२० च्या दशकातील मानतात. यमुनेच्या दोन्ही काठांवरच्या चाळीसहून अधिक बागा, हवेल्या आणि कबरी त्यात नावांनिशी दाखवल्या आहेत. ऑस्ट्रियन इतिहासकार एबा कोख यांनी हा नकाशा हाती धरून काठाची पाहणी केली, फारसी साधनांशी ताडून पाहिली आणि २००६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांना या विषयात शिरायचे आहे त्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

१०/
जयपूर म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. शिवाजी महाराज १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, त्या भेटीचा सर्वांत जवळचा वृत्तान्त रामसिंहाच्या माणसांनी लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत आहे आणि ती पत्रेही जयपूरच्या दप्तरातलीच. ज्या जमिनीवर ताज उभा आहे ती रामसिंहाच्या वडिलांची, म्हणजे पुरंदरच्या तहातल्या मिर्झाराजे जयसिंहांची. शाहजहानने त्यांना मोबदल्यात चार हवेल्या दिल्या. डिसेंबर १६३३ चे तसे फर्मान उपलब्ध आहे. आग्र्याच्या बागांचा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

११/
महाराज आग्र्यात होते त्या सुमाराचे शहर कसे दिसे? फ्रेंच प्रवासी बर्निये १६६३ च्या पत्रात दिल्ली आणि आग्रा यांची तुलना करतो. आग्र्याला दिल्लीसारखे आखीव रस्ते नाहीत, गल्ल्या अरुंद आणि वाकड्या आहेत, हे तो सांगतोच. परंतु उंचावरून पाहिल्यास आग्रा अधिक रम्य दिसते, असेही म्हणतो. कारण सरदारांनी आपापल्या वाड्यांत आणि अंगणांत सावलीसाठी झाडे लावली आहेत आणि वाण्यांची उंच दगडी घरे त्या गर्द झाडीतून डोके वर काढतात. गजबज तेव्हाही होतीच. हिरवाई त्या गजबजाटाच्या आतच होती.

१२/
मग चाळीसहून अधिक बागांचे झाले काय? १६४८ मध्ये राजधानी शाहजहानाबादला गेली आणि दरबाराबरोबर पैसाही गेला. त्याहून महत्त्वाचे कारण मालमत्तेच्या नियमांत आहे. मुघल सरदार मरण पावला की त्याची मालमत्ता सरकारजमा होण्याचा धोका असे. बागही त्यातच जाई. मात्र बागेत मालकाची कबर बांधली गेली तर ती जागा सहसा कुटुंबाकडे राही. म्हणून अनेकांनी आयुष्यभर सुखासाठी वापरलेली बाग शेवटी स्वतःच्या कबरीची जागा केली.

१३/
धाग्याचा कणा इथे आहे, म्हणून थोडे थांबून वाचा. ज्या बागेत थडगे होते ती पुष्कळदा टिकली. ज्या बागेत थडगे नव्हते ती बहुधा गेली. सतराव्या शतकातल्या महसुली नियमाने ही चाळणी लावली. विसाव्या शतकातल्या आपल्या संरक्षित स्मारकांच्या याद्यांनी तीच चाळणी पुढे चालवली : दगड उभा असेल तर स्मारक, नुसती माती आणि झाडे असतील तर मोकळा भूखंड. युनेस्कोने १९८३ साली ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला जागतिक वारसा यादीत घेतले. नदीकाठची माळ कुणाच्याच यादीत बसली नाही.

१४/
आता पलीकडच्या काठाने प्रवाहाबरोबर उतरू या. आरंभी रामबाग. ही बाबराची बाग, असे तिथला फलक आणि बहुतेक पुस्तके सांगतात. कोख यांच्या मते आज दिसते ती बाग नूरजहानची ‘बाग-ए-नूर अफशां’ आहे, १६२१ च्या सुमाराची. नाव ‘आराम बाग’चे ‘रामबाग’ झाले असे म्हणतात आणि काहीजण त्याचे श्रेय मराठ्यांना देतात. ही गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण तिच्यासाठी समकालीन कागद समोर येईपर्यंत ती आख्यायिकाच समजावी. आपल्या बाजूच्या आख्यायिकेलाही तोच नियम लावायला हवा.

१५/
रामबागेला लागून जहरा बाग. नकाशात ती जहाँआराच्या नावाने आहे. कोख दाखवून देतात की ही बाग मुमताज महलने स्वतः घडवली आणि ती पुढे तिच्या लेकीकडे आली. मुमताजने स्वतः उभारलेली आणि आजवर ओळख पटलेली वास्तू ही एवढीच. आज तिथे नदीकाठचा एक बुरूज आणि त्यावरची छत्री शिल्लक आहे. मुमताजच्या मृत्यूचे स्मारक बघायला सारे जग येते; मुमताजने जगताना जे लावले त्याच्या वाटेला कुणी फिरकत नाही. त्या सकाळी आम्ही चौघे आणि दोन शेळ्या, एवढेच होतो.

१६/
जवळच्याच एका जुन्या भूखंडावर आज रोपवाटिका आहे. या काठावर अशा पुष्कळ आहेत. मोगरा, डाळिंब, लिंबू, शेवंती. वाटिकेच्या मालकांशी बोललो. जुन्या विहिरीची वीट दाखवत ते म्हणाले की इथे पूर्वीही बागच होती, आम्ही वेगळे काही करत नाही. संरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या किती जागांविषयी असे म्हणता येईल? तिथे ना फलक होता ना तिकीट. पण त्या जमिनीवर चार शतके चाललेला धंदा चालू होता.

१७/
पुढे चिनी का रौझा : शाहजहानचा वजीर अफझलखान शिराझी याची कबर. (प्रतापगडचा अफझलखान वेगळा, गल्लत नको.) रंगीत चकाकणाऱ्या फरशांच्या तुकड्यांनी ही इमारत मढवलेली होती, बऱ्याच गळून गेल्या, पण उरलेले निळे-पिवळे तुकडे सकाळच्या उन्हात पाहावेत. त्यापुढे इतिमाद-उद-दौलाची कबर, नूरजहानने आपल्या माता-पित्यांसाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधलेली. संगमरवरावरचे जडावकाम ताजच्या आधीचे आहे आणि ते नाकाजवळ नेऊन पाहता येते, कारण मागून कुणी ढकलत नाही.

१८/
शेवटी मेहताब बाग, ताजच्या बरोबर समोर. दोन्ही बागांची रुंदी सारखी, अक्ष एकच. ‘काळ्या ताज’ची गोष्ट इथलीच. शाहजहानने पलीकडच्या काठावर स्वतःची कबर बांधायला घेतली होती, असे टॅव्हर्नियेने लिहिले. काळा रंग त्याने दिलेला नाही, तो मागाहून चिकटला. १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले तेव्हा कबरीचा पाया निघाला नाही. निघाला तो कारंज्यांचा मोठा अष्टकोनी हौद. चांदण्या रात्री ताजचे प्रतिबिंब पाहण्यासाठी केलेली ही बाग होती.

१९/
डिसेंबर १६५२ मध्ये औरंगजेबाने बापाला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. ताजचे घुमट पावसाळ्यात गळतात, मेहताब बाग पुराखाली जाऊन निस्तेज झाली आहे, पण अष्टकोनी हौद आणि भोवतालची इमारत शाबूत आहे, असा त्याचा आशय. एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या तपासणी अहवालासारखे हे पत्र वाटते. जुलै २०२३ मध्ये यमुनेचे पाणी पुन्हा ताजच्या भिंतीपर्यंत चढले आणि मेहताब बागेत शिरले. नदीच्या स्मरणातून बाग गेलेली नाही.

२०/
एक जागा शहराच्या बाजूची. भगवान टॉकीजजवळ जुनी रोमन कॅथलिक दफनभूमी आहे. झाडांच्या सावलीत लाल दगडाची ताजची छोटी प्रतिकृती उभी दिसते. ही जॉन हेसिंग या डच माणसाची कबर. तो शिंद्यांच्या चाकरीत होता, आग्र्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. तो जुलै १८०३ मध्ये वारला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लेकने किल्ला शिंद्यांकडून घेतला. महादजींनी उभ्या केलेल्या उत्तरेतल्या सत्तेची शेवटची खूण आग्र्यात कुठे शोधायची, असे विचाराल तर मी इथे पाठवीन. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिथे दुसरे कुणीही मराठी आले नाही.

२१/
आता ताजच्याच बागेविषयी, कारण तिथे आपली सर्वांत मोठी गल्लत होते. आज दिसणारी सपाट हिरवळ आणि मोकळा देखावा हे मुघल नाही. १८५० च्या दशकातल्या जॉन मरेच्या छायाचित्रांत ही बाग दाट झाडीची आहे. ताज पानांआडून डोकावतो. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, १८९९ ते १९०५ दरम्यान, इमारत अखंड दिसावी म्हणून बागेला इंग्रजी उद्यानाचे वळण मिळाले. फळझाडांची सावली गेली आणि बसायची जागाही गेली. गर्दी उन्हात एकाच रेषेत पुढे सरकते याचे एक कारण या मोकळ्या आखणीतच आहे.

२२/
इथे माझे मत स्पष्ट लिहिते. आपण इमारतीला इतिहास मानतो आणि बागेला ‘परिसर’. परिसर म्हटले की त्यावर वाहनतळ करता येतो, हिरवळ अंथरता येते, रस्ता काढता येतो. बागेला दस्तऐवज मानले तर यातले काहीही सहज करता येणार नाही. हौदाची पातळी, पाटाचा उतार, झाडांमधले अंतर, विहिरीची जागा, हे सारे वाचायचे अक्षर आहे. दगडावरचा शिलालेख खरवडला तर आपण संतापतो. पाट बुजवला तर कुणाला कळतही नाही.

२३/
कायद्याने काही केले नाही असे नाही. ३० डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ताज समलंब क्षेत्रातल्या, म्हणजे सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरमधल्या कारखान्यांना कोळसा आणि कोक वापरण्यास मनाई केली. पुढे तिथल्या वृक्षतोडीवरही न्यायालयाचा अंकुश आला. मार्च २०२५ मध्ये मथुरा-वृंदावन भागात ४५४ झाडे विनापरवाना तोडणाऱ्याला झाडामागे एक लाख रुपये दंड झाला. मात्र या साऱ्याचा मूळ हेतू संगमरवर पिवळा पडू नये हा होता. झाडाला किंमत आली ती दगडाच्या निमित्ताने.

२४/
चांगलीही उदाहरणे आहेत. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी गेल्या दशकात इतिमाद-उद-दौला आणि मेहताब बाग येथे बागेला बाग समजून काम केले : पाट मोकळे केले, कारंजी चालू केली, मुघलकालीन बागांना साजेशी झाडे लावली. इतिमाद-उद-दौलाच्या बागेत आम्ही पाऊण तास कुणाशीही न बोलता बसलो. चारबाग कशासाठी असते हे मला त्या पेपरात कळले नव्हते. पाटातल्या पाण्याचा बारीक आवाज ऐकू येण्याइतकी शांतता असावी, एवढ्या मापाने ती आखलेली असते.

२५/
आता एक आक्षेप, जो आमच्यातल्याच मित्राने रात्री गाडीत घेतला : ‘तू धागा लिहिणार, लोक तिथे गर्दी करणार, मग कसली शांतता?’ आक्षेप खरा आहे. ‘कुणालाही ठाऊक नसलेली सात ठिकाणे’ अशा याद्यांनी महाराष्ट्रातले किती धबधबे आणि किती किल्ले बकाल केले हे आपण पाहिले आहे. त्यामुळे गप्प बसावे, असा मोह मलाही झाला.

२६/
पण गप्प बसण्याने बागा वाचत नाहीत, हेच तर या काठाचा इतिहास सांगतो. चाळीसहून अधिक बागांतल्या बहुतेक कुणी जाऊन तुडवल्या म्हणून गेल्या नाहीत. कुणी जात नव्हते, कुणाला नाव ठाऊक नव्हते, म्हणून गेल्या. ज्या जागेचे नाव विसरले जाते ती सातबाऱ्यावर निव्वळ आकडा उरते. शांतता म्हणजे रिकामपण नव्हे. बागेत माळी असावा, शेजारच्या वस्तीतली मुले असावीत, अभ्यासाला आलेला विद्यार्थी असावा. बागेला मारतो तो दहा मिनिटांत छायाचित्र काढून पसार होणारा लोंढा.

२७/
दुसरा आक्षेप अधिक टोकदार : मुघलांच्या बागांची उठाठेव आपण का करावी? उत्तर सरळ आहे. महाराजांची सुटका किती अवघड होती हे कळायचे असेल, तर ते ज्या शहरातून निसटले ते शहर कळले पाहिजे : त्याची नदी, त्याचे घाट, त्याच्या भिंतीबंद बागा, त्याच्या वाकड्या गल्ल्या. दिवाण-ए-खाससमोर उभे राहून घोषणा देणे सोपे आहे. १७ ऑगस्ट १६६६ च्या भर पावसाळ्यातले आग्रा डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम तेच.

२८/
तिसरी गोष्ट आक्षेप नाही, बोच आहे. मेहताब बागेला लागून कछपुरा हे गाव आहे. तिथे हुमायूनच्या काळातली, १५३०-३१ ची मशीद आहे. बागेच्या कुंपणाबाहेर त्या वस्तीतली मुले धुळीत खेळत होती आणि आत हिरवळीवर आम्ही परगावचे चौघे तिकीट काढून बसलो होतो. तिकिटाची रक्कम आम्हाला किरकोळ होती. रोज संध्याकाळी लेकराला घेऊन येणाऱ्या आईला ती किरकोळ नाही. ज्यांनी बाग राखायची त्यांनाच ती परकी केली, तर कोणताही निधी तिला वाचवू शकणार नाही. स्थानिकांना सकाळ-संध्याकाळ विनामूल्य प्रवेश असावा, असे माझे मत आहे.

२९/
आणि आपल्या घरचे काय? छत्रपती संभाजीनगरची हिमायत बाग मुघलकालीन आहे. तिथे आज फळसंशोधन केंद्र आहे, म्हणजे निदान झाडे तरी आहेत. शहरात येणारे पर्यटक मकबऱ्याला जातात, बागेला क्वचित. पुण्यात हिराबाग म्हटले की किती जणांना पेशव्यांची बाग आठवते आणि किती जणांना चौक? आग्र्याला नावे ठेवण्याआधी आपापल्या गावातल्या ‘बाग’, ‘बन’, ‘मळा’, ‘राई’ अशा नावांच्या जागा मोजाव्यात. नाव उरले आणि झाड गेले, अशी किमान एक तरी जागा प्रत्येकाला सापडेल.

३०/
थोडे व्यवहाराचे. आग्र्याला जाल तर दोन दिवस द्या. ताज उघडताच पहाटे पाहा (शुक्रवारी बंद असतो, हे विसरू नका). दुसरी सकाळ पूल ओलांडून पलीकडच्या काठाला द्या : रामबागेपासून सुरुवात करून प्रवाहाबरोबर मेहताब बागेपर्यंत. सूर्यास्ताआधी तासभर मेहताब बागेत बसा. रोपवाटिकेत काही विकत घ्या. खाल्लेले कागद परत आणा. एका बागेत निदान अर्धा तास फोन खिशात ठेवून बसा आणि पाणी कुठून येत असेल ते शोधा. बाग वाचायची सुरुवात तिथूनच होते.

३१/
मित्राशी माझा वाद अजून मिटलेला नाही. जागांची नावे लिहावीत की लिहू नयेत, याविषयी तुमचे मत जरूर सांगा. विरोधी असेल तर अधिक आनंदाने वाचीन. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या विसरलेल्या बागेविषयी जुना नकाशा, दप्तरातला कागद किंवा आजीची आठवण असेल, तर या धाग्याखाली अवश्य जोडा. पुरेशा नोंदी जमल्या तर पुढचा धागा त्यांच्यावर लिहीन.

धागा समाप्त.